डॉल्फिन फाइल मॅनेजरमधील माउस-क्लिकच्या सोयी: एक परीक्षण

फाइल मॅनेजर दिवसभर वापरला जातो, पण त्याच्या सेटिंग्जकडे सहसा कोणी फिरकत नाही. फोल्डर उघडण्यासाठी माउसचे बटण एकदा दाबायचे की दोनदा, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु ज्यांच्या हाताखालून रोज शेकडो फाइली जातात, त्यांच्या बोटांना आणि मनगटाला त्याचे उत्तर संध्याकाळपर्यंत चांगलेच जाणवते. जुन्या मराठी नियतकालिकांची स्कॅन केलेली पाने तपासणे, त्यांना नावे देणे आणि वर्षवार लावणे हे माझे नित्याचे काम आहे. त्यासाठी मी लिनक्सवरील केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपचा डॉल्फिन हा फाइल मॅनेजर वापरते, आणि थुनार, निमो, नॉटिलस तसेच विंडोजचा फाइल एक्सप्लोरर यांच्याशीही कामानिमित्त संबंध येतो. डॉल्फिनची इतर अंगे पुष्कळ आहेत; हे परीक्षण मात्र माउसच्या क्लिकने काय घडावे हे ठरवण्याच्या त्याच्या सोयींपुरतेच आहे.

डबल-क्लिकच्या पद्धतीत एका क्लिकने फाइल निवडली जाते आणि लागोपाठच्या दोन क्लिकांनी ती उघडते. उघडण्यासाठी एकच क्लिक पुरेसा आहे असे ठरवले की निवडण्याचे काम कोणी करायचे, हा प्रश्न लगेच उभा राहतो. कारण फाइल नुसती निवडून तिचे नाव बदलणे, ती दुसरीकडे हलवणे किंवा तिच्यासह आणखी दहा फाइली गोळा करणे ही कामे उघडण्याइतकीच वारंवार करावी लागतात. सिंगल-क्लिकचा पर्याय आज बहुतेक फाइल मॅनेजरांत असतो. त्यांपैकी कोणता चांगला, हे न उघडता फाइल निवडण्याची वाट त्यात कितपत सुकर ठेवली आहे यावरूनच ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि या कसोटीवर डॉल्फिन मला इतरांपेक्षा बराच पुढे वाटतो.

यामागे केडीईची जुनी परंपरा आहे. हा प्रकल्प १९९६ मध्ये सुरू झाला आणि त्याची पहिली आवृत्ती १९९८ मध्ये आली. त्या वेळचा केडीईचा फाइल मॅनेजर आणि पुढे २००० मध्ये आलेला कॉन्करर हे दोन्ही एकाच खिडकीत फाइलीही दाखवत आणि वेबपानेही. वेबपानावरचा दुवा एका क्लिकने उघडतो, तेव्हा त्याच खिडकीतल्या फोल्डरने दोन क्लिक मागावेत हे विसंगत ठरले असते. म्हणून सगळीकडे एकच क्लिक, हे केडीईचे मूळ वळण झाले. २००८ मध्ये केडीई ४ बरोबर डॉल्फिन मुख्य फाइल मॅनेजर झाल्यावरही ते वळण टिकले. केडीई आपल्या वापरकर्त्यांना देणाऱ्या अनेक लिनक्स वितरणांनी मात्र आपल्यापुरते डबल-क्लिक लावून ठेवले होते, कारण विंडोजवरून येणाऱ्याचा हात त्यालाच सरावलेला असतो. अखेरीस २८ फेब्रुवारी २०२४ रोजी आलेल्या प्लाझ्मा ६ मध्ये केडीईनेही मूळ मांडणी बदलून डबल-क्लिकची केली. नव्याने येणाऱ्या माणसाचा विचार करता हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण सवयीने दोनदा क्लिक करणाऱ्याला एका क्लिकची मांडणी पहिल्याच दिवशी गोंधळात टाकते आणि एकच दस्तऐवज दोनदा उघडला जाऊ शकतो. जुना पर्याय काढून टाकलेला नाही, हे त्याहून महत्त्वाचे.

तो पर्याय सापडणे मात्र नवख्याला जड जाते. डॉल्फिनचे स्वतःचे सेटिंग्ज उघडून त्यातले प्रत्येक पान चाळणाऱ्याची फसगत होते, कारण प्लाझ्मावर हा निर्णय डॉल्फिनच्या हाती ठेवलेलाच नाही. तो सिस्टिम सेटिंग्जमधील जनरल बिहेवियर या पानावर आहे. तेथे फाइलींवर किंवा फोल्डरांवर क्लिक केल्यास काय व्हावे, असा सरळ प्रश्न विचारलेला आहे आणि त्याला दोन उत्तरे आहेत: एक, ती निवडली जावी व डबल-क्लिकने उघडावी, दोन, ती उघडावी व निवडण्यासाठी तिच्यावरची निवडखूण वापरावी. पर्यायांची ही भाषा मला विशेष आवडली. सिंगल-क्लिक आणि डबल-क्लिक असे दोन कोरडे शब्द समोर ठेवून सोडून देण्याऐवजी निवडायचे कसे हेही त्याच ओळीत सांगितले आहे, त्यामुळे पर्याय बदलण्यापूर्वीच वापरकर्त्याला पुढची वाट कळते. निर्णय डेस्कटॉपभर लागू असल्यामुळे डॉल्फिनमध्ये एक नियम आणि डेस्कटॉपवरच्या आयकॉनांना दुसरा, असाही प्रकार होत नाही. ही रचना तर्कशुद्ध आहे. तरीही डॉल्फिनच्या सेटिंग्जमध्ये त्या पानाकडे नेणारे एखादे ठळक बटण असायला हवे, कारण माणूस ज्या खिडकीत अडतो त्याच खिडकीत उत्तर शोधतो.

आता त्या निवडखुणेविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. समजा, एका अंकाची दीडशे पाने एका फोल्डरमध्ये आहेत, आयकॉन दृश्यात त्यांची लघुचित्रे दिसत आहेत आणि त्यांतली जाहिरातींची पाने तेवढी वेगळी काढायची आहेत. कर्सर एखाद्या लघुचित्रावर नेला की त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात अधिकचे लहानसे चिन्ह उमटते. नेमके त्या चिन्हावर क्लिक केले की पान निवडले जाते आणि उघडत मात्र नाही. पुढच्या पानाच्या चिन्हावर क्लिक केले की तेही निवडीत मिळते, आधीचे सुटत नाही. निवडलेल्या पानावर कर्सर परत नेला तर तेथे वजाचे चिन्ह दिसते, आणि त्यावर क्लिक केल्यास तेवढे एकच पान निवडीतून बाहेर पडते. या सगळ्यात डावा हात कीबोर्डवर ठेवून कंट्रोल धरून बसावे लागत नाही. डबल-क्लिकच्या पद्धतीत विखुरलेल्या वीस फाइली गोळा करताना कंट्रोलवरचे बोट एकदा जरी सुटले आणि पुढचा क्लिक पडला, तरी आधीची सारी निवड नाहीशी होते. निवडखुणेच्या मार्गात हा धोका उरत नाही, आणि सलग तासभर असे काम करणाऱ्यालाच याचे खरे मोल कळेल. ज्यांना कंट्रोल आणि शिफ्ट धरून निवडण्याचा सराव आहे त्यांच्यासाठी त्या दोन्ही रीती सिंगल-क्लिकमध्येही तशाच चालतात. कंट्रोल धरलेले असताना क्लिक केल्यास फाइल उघडत नाही, निवडली जाते. डबल-क्लिक ठेवणाऱ्यांनाही ही खूण वापरता येते, आणि नको असल्यास डॉल्फिनच्या सेटिंग्जमधून ती बंद करता येते.

दोष आहे तो आकाराचा. मोठ्या लघुचित्रांवर ही खूण एका कोपऱ्यात आटोपशीर बसते, पण तपशील दृश्यात आयकॉन सर्वांत लहान ठेवले तर ती जवळजवळ सबंध आयकॉन व्यापते. मग आयकॉनवर क्लिक करून फाइल उघडू पाहणाऱ्याच्या हातून ती फक्त निवडली जाते, आणि आपण क्लिक केला तरी काहीच घडले नाही असे त्याला वाटत राहते. यावर माझा तोडगा साधा आहे: तपशील दृश्यात आयकॉन एक-दोन पायऱ्या मोठे ठेवावेत. कंट्रोल धरून माउसचे चाक फिरवले की आयकॉनांचा आकार बदलतो, त्यामुळे त्यासाठी सेटिंग्जमध्ये शिरण्याचीही गरज पडत नाही.

तपशील दृश्यासाठी आणखी एक पर्याय आहे, ज्याची दखल फारशी कोणी घेत नाही. फाइल उघडण्यासाठी तिच्या ओळीवर कोठेही क्लिक केलेले चालावे की केवळ आयकॉनवर आणि नावावर केलेलाच क्लिक धरावा, हे डॉल्फिनमध्ये ठरवता येते. सिंगल-क्लिक वापरणाऱ्याने यांतला दुसरा पर्याय घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवीन. ओळभर क्लिक चालत असेल तर सबंध यादी म्हणजे सुरुंग पेरलेले मैदान होते. जेथे बोट पडेल तेथे काहीतरी उघडते. केवळ आयकॉन आणि नाव एवढाच भाग जिवंत ठेवला, तर नावानंतरची मोकळी जागा, आकाराचा रकाना आणि तारखेचा रकाना हे सगळे क्षेत्र चौकट ओढून निवडण्यासाठी उपलब्ध होते. तारखेच्या रकान्यात बटण दाबून खाली ओढत गेले की सलग पंधरा-वीस ओळी एका झटक्यात निवडल्या जातात. जागेचा हा हिशेब जमला की सिंगल-क्लिक आणि तपशील दृश्य यांचे उत्तम जुळते.

२०२२ च्या डिसेंबरमधील आवृत्तीपासून डॉल्फिनमध्ये स्वतंत्र निवड-अवस्थाही आली आहे. स्पेसबार दाबला की ती सुरू होते, खिडकीत तशी पट्टी दिसते आणि त्यानंतर प्रत्येक साधा क्लिक हा निवडण्याचा क्लिक ठरतो. निवडलेल्या फाइलींवर करता येण्याजोग्या कृती खालच्या पट्टीत मांडलेल्या असतात. मोबाइलवर फोटो निवडण्याची सवय असलेल्यांना ती पाहताक्षणी कळेल. टचस्क्रीन असलेल्या लॅपटॉपवर तिचा उपयोग निःसंशय आहे. माउस आणि कीबोर्ड दोन्ही समोर असताना मला तिची गरज क्वचितच भासते.

इतरांकडे पाहिले म्हणजे डॉल्फिनचे वेगळेपण ठळक होते. विंडोजमध्ये सिंगल-क्लिकचा पर्याय १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ४ बरोबर आला आणि आजही फोल्डर ऑप्शन्समध्ये शाबूत आहे. तेथे निवडण्यासाठी कर्सर फाइलवर क्षणभर थांबवायचा असतो. कल्पना आकर्षक आहे, परंतु प्रत्यक्षात तिचा जाच होतो: चार फाइली निवडून मेनूकडे निघालेला कर्सर वाटेत पाचव्या फाइलवर रेंगाळला, तर आधीच्या चारही सुटतात आणि ती पाचवी निवडली जाते. कर्सर थांबणे आणि माणसाने काही ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना एक मानणारी रचना मला मूळातच सदोष वाटते. विंडोजमध्ये प्रत्येक फाइलपुढे चौकोन दाखवण्याचा पर्यायही आहे आणि तो चालू केला की बराच दिलासा मिळतो, पण ते सेटिंग क्लिकच्या सेटिंगपासून दूर, दुसऱ्या पानावरच्या लांबलचक यादीत आहे.

एक्सएफसीई डेस्कटॉपच्या थुनारमध्ये हीच थांबून निवडण्याची रीत आहे, मात्र तिच्या कर्त्यांनी एक शहाणपण दाखवले आहे. सिंगल-क्लिकच्या पर्यायाखालीच एक सरकपट्टी दिलेली असून किती वेळ थांबल्यावर फाइल निवडली जावी हे तिने ठरवता येते, आणि ती अगदी डावीकडे नेली की थांबून निवडणे पूर्णपणे बंद होते. जुन्या, कमी ताकदीच्या संगणकावर काम करणाऱ्यांना मी थुनार निःशंकपणे सुचवते, त्याचे हे एक कारण आहे. नॉटिलसमध्ये उघडण्यासाठी एक क्लिक की दोन, एवढाच प्रश्न विचारलेला आहे. एक निवडला तर पुढे कंट्रोल किंवा ओढलेली चौकट यांवरच भागवावे लागते. निमोची स्थितीही तशीच, परंतु मोकळ्या जागी डबल-क्लिक केल्यावर वरच्या फोल्डरात जाण्याचा एक देखणा पर्याय त्यात आहे. डॉल्फिनच्या अलीकडच्या आवृत्त्यांतही मोकळ्या जागेवरील डबल-क्लिकला आपल्या पसंतीचे काम नेमून देता येते आणि त्यासाठी स्वतःची आज्ञाही लिहिता येते. ज्यांना टर्मिनलची सवय आहे त्यांना या एका सोयीतून पुष्कळ काही साधता येईल.

मधल्या बटणाची, म्हणजे चाक दाबण्याची, डॉल्फिनमधील योजना मला सर्वांत उपयुक्त वाटते. फोल्डरवर मधले बटण दाबले की तो नव्या टॅबमध्ये उघडतो, आणि टॅबवर दाबले की तो टॅब बंद होतो. मागे जाण्याच्या बाणावर मधले बटण दाबले तर आधीचा फोल्डर नव्या टॅबमध्ये येतो आणि चालू फोल्डर जागेवर राहतो. फाइलवर मधले बटण दाबल्यास ती तिच्या प्रकाराला जोडलेल्या दुसऱ्या क्रमांकाच्या प्रोग्रॅममध्ये उघडते. ही शेवटची सोय कामाचा वेग किती वाढवते हे एका उदाहरणावरून कळेल: प्रतिमा पाहण्याचा प्रोग्रॅम पहिल्या क्रमांकावर आणि ती कापण्या-सुधारण्याचा दुसऱ्या क्रमांकावर ठेवला, की डाव्या बटणाने पान नुसते पाहता येते आणि तिरके स्कॅन झालेले दिसताच मधल्या बटणाने थेट दुरुस्तीला घेता येते, राइट-क्लिक करून यादीतून प्रोग्रॅम शोधण्याचा खटाटोप वाचतो. क्रम कसा लावायचा हे सिस्टिम सेटिंग्जमधील फाइल असोसिएशन्सच्या पानावर ठरते. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये टॅब २०२२ च्या अखेरीस आले आणि तेथेही मधल्या बटणाने फोल्डर नव्या टॅबमध्ये उघडतो, हे नमूद करायला हवे. ज्या माउसना अंगठ्याजवळ दोन जादा बटणे असतात, त्यांनी डॉल्फिनमध्ये मागे-पुढे जाता येते आणि त्यासाठी काहीही ठरवून द्यावे लागत नाही.

डबल-क्लिक ही सर्वांनाच सहज जमणारी क्रिया आहे, असे आपण गृहीत धरून चालतो. माझ्या मामांच्या हाताला वयोमानाने कंप आहे, आणि त्यांच्या शेजारी बसून पाहिल्यावर या गृहीताला अर्थ नाही हे स्पष्ट दिसते. विंडोजमध्ये दोन क्लिकांमधले अंतर मूळ मांडणीत अर्ध्या सेकंदापर्यंतच चालते. त्यांचा दुसरा क्लिक त्याहून उशिरा पडे, आणि निवडलेल्या फाइलच्या नावावर उशिरा पडलेला दुसरा क्लिक म्हणजे नाव बदलण्याची सूचना असा विंडोज अर्थ लावत असल्याने नावाची चौकट उघडे. पुढे भलतेच अक्षर दाबले गेले तर नावच पुसले जाई. क्लिकचा वेग मंद करण्याची पट्टी माउसच्या सेटिंग्जमध्ये आहे, पण तिने दोन क्लिकांच्या दरम्यान सरकणारा हात स्थिर होत नाही. बटण दाबलेले असताना हात सरकला तर फाइल ओढली जाते, आणि त्याच ड्राइव्हवरच्या शेजारच्या फोल्डरवर सुटली तर विंडोज ती काहीही न विचारता तेथे हलवून मोकळे होते. फाइल हरवली, अशी त्यांची तक्रार असायची ती यामुळे.

त्यांच्या संगणकावर आता प्लाझ्मा आहे आणि एका क्लिकने उघडण्याचा पर्याय लावलेला आहे. दुसऱ्या क्लिकचीच गरज उरली नसल्यामुळे नावाच्या चौकटीचा त्रास संपला. हात सरकून फाइल ओढली जाण्याचे प्रकार अधूनमधून होतात, परंतु डॉल्फिन मूळ मांडणीत फाइल सोडताक्षणी हलवायची, प्रत काढायची की दुवा करायचा, असे विचारणारा मेनू पुढे करतो आणि तो रद्द करता येतो. हा मेनू अनेक जाणत्या वापरकर्त्यांना कटकटीचा वाटतो. मला तो डॉल्फिनमधील सर्वांत दयाळू रचनांपैकी एक वाटतो. ज्यांच्या घरात वडीलधारी माणसे संगणक वापरतात, त्यांनी आयकॉन मोठे करून एका क्लिकने उघडण्याचा पर्याय लावून पाहावा. निवडखूण मात्र मी मामांसाठी बंद केली आहे, कारण त्यांना एका वेळी अनेक फाइली निवडायच्या नसतात आणि कोपऱ्यातल्या चिन्हावर चुकून पडलेला क्लिक त्यांना बुचकळ्यात टाकतो.

एका क्लिकने उघडण्यात सुरक्षिततेचा एक मुद्दा येतो आणि तो टाळता येणार नाही. उघडणे जितके सोपे, तितकेच नको ते उघडले जाणेही सोपे. आणि चालवता येणारी स्क्रिप्ट एका क्लिकने चालू झाली तर नुकसान होऊ शकते. डॉल्फिनमध्ये अशा फाइलीवर काय करावे याचे वेगळे सेटिंग आहे: दर वेळी विचारावे, संपादकात उघडावी किंवा सरळ चालवावी. सिंगल-क्लिक वापरणाऱ्याने येथे दर वेळी विचारण्याचाच पर्याय कायम ठेवावा. जड चित्रफिती आणि शेकडो पानांचे पीडीएफ चुकून उघडले जाण्याचा त्रास त्यानंतरही राहतो, आणि त्याला सध्या काही इलाज नाही. डॉल्फिन प्रत्येक फोल्डरसाठी दृश्याचा प्रकार, क्रम आणि आयकॉनांचा आकार वेगळा लक्षात ठेवू शकतो. तसेच फोल्डर एका क्लिकने उघडावेत आणि फाइली मात्र दोन क्लिकांनी, अशी विभागणी त्याने देऊ केली, तर चित्रफितींनी भरलेल्या फोल्डरांतही एका क्लिकचा वेग निर्धास्तपणे घेता येईल.